टँकमधली हिरवाई टँकमध्येच बरी!

मुलांच्या परीक्षा संपतात, सुट्टी लागते आणि ‘आई, मासे आणू या ना’ सुरू होतं. मग एका रविवारी काचेची पेटी, रंगीत खडे, प्लॅस्टिकची झाडं, एअर पंप आणि फुगवलेल्या पिशवीत पाच-सहा मासे घरात येतात. पहिले आठ दिवस सगळं घर टँकसमोर बसलेलं. पंधराव्या दिवशी काचेवर हिरवट थर चढतो, पाणी गढूळ दिसायला लागतं. आणि ते पाणी बदलायचं काम कोणाकडे येतं, हे मैत्रिणींनो, वेगळं सांगायला नकोच! डबे, पोळी-भाजी, नळाची वेळ या सगळ्यात आणखी चार बादल्यांची भर.

हे काम थोडं हलकं करणारी एक सोपी युक्ती आहे, ती म्हणजे पाण्यावर तरंगणारी खरी झाडं. त्यांना माती लागत नाही, कुंडी लागत नाही, खडे उकरून रोपं खोचावी लागत नाहीत. आणायची आणि पाण्यावर सोडायची. पाणी स्वच्छ राहतं, मासे खूश राहतात आणि घरात हिरवा कोपरा तयार होतो. फक्त या झाडांबाबत एक पथ्य आहे. लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव या भागात राहणाऱ्यांनी तर ते फारच कसोशीने पाळायला हवं. त्याकडे येऊच, पण आधी झाडांची ओळख करून घेऊ.

बिनपगारी कामवाल्या

मासे खातात आणि घाण करतात. त्या घाणीतून पाण्यात अमोनिया तयार होतो. पाण्यातले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे नायट्रेट साचत गेलं, वरून उजेड मिळाला की शेवाळ वाढतं. काचेवरचा हिरवा थर तोच.

तरंगत्या झाडांना हेच अमोनिया आणि नायट्रेट अन्न म्हणून हवं असतं. मुळं सरळ पाण्यात लोंबत असल्यामुळे ती ते भराभर शोषून घेतात. शिवाय पानं हवेत असल्याने त्यांना कार्बन डायऑक्साइड हवेतूनच मिळतो आणि वरचा उजेडही सगळ्यात आधी त्यांनाच. म्हणून ती पाण्याखालच्या झाडांपेक्षा कितीतरी जोमाने वाढतात. त्यांच्या सावलीमुळे खाली उजेड कमी जातो आणि शेवाळाची वाढ मंदावते. गप्पीची पिल्लं मोठ्या माशांपासून लपायला याच मुळांचा आसरा घेतात. फायटर मासा तर पानाखाली फेसाचं घरटं बांधतो. ते पाहायला मुलांना फार मजा येते.

म्हणजे पाणी अजिबात बदलायचं नाही असं मात्र नाही हं. आठवड्याला पाव टँक पाणी बदलायचंच. पण सगळा टँक उपसून खडे घासत बसायची वेळ वरचेवर येत नाही.

कोणती आणाल?

माशांच्या दुकानात साधारण चार-पाच प्रकार मिळतात.

पिस्टिया, म्हणजे वॉटर लेट्यूस. मखमली पानांचं छोटं कोबीचं फूलच जणू. मुळं लांब, त्यामुळे उंच टँकला चांगलं. घरातल्या उजेडात ते लहानच राहतं.

साल्व्हिनिया. गोलसर, जोडीजोडीने येणारी पानं आणि पानांवर बारीक लव. त्यामुळे पाण्याचा थेंब पानावर न पसरता मोत्यासारखा घरंगळतो. लहान टँकला शोभतं.

अझोला. नाजूक, शेवाळासारखं दिसणारं, उन्हात लालसर होणारं. आपल्या मावळातल्या भातशेतकऱ्यांना आणि गाई-म्हशी पाळणाऱ्यांना ते नवीन नाही. त्याच्या पानांत राहणारं एक सूक्ष्म नील-हरित शेवाळ हवेतला नत्र धरून ठेवतं, म्हणून भातखाचरात ते खत म्हणून वापरतात आणि जनावरांना खाऊही घालतात.

डकवीड. हिरव्या टिकल्या सांडल्यासारखं. गोल्डफिशचं आवडतं खाणं. पण हे एकदा टँकमध्ये शिरलं की शेवटची टिकली निघता निघत नाही, ही तयारी ठेवूनच आणा. याच कुळातली वुल्फिया ही जगातली सगळ्यात लहान फुलझाडं. एका मिलिमीटरपेक्षाही छोटी!

राहिली जलपर्णी. नदीत दिसते तीच, जांभळ्या तुऱ्याची. फुलं पाहून मोह होतो, रस्त्यात थांबून एखादं रोप उचलून आणलं जातं. पण घरातल्या टँकला ती मुळीच योग्य नाही. तिला कडक ऊन लागतं. खोलीतल्या उजेडात ती सडते आणि पाणी उलट खराब करते. शिवाय नदीतल्या रोपाबरोबर गोगलगायी, किड्यांच्या अळ्या आणि सांडपाण्यातली घाण घरात येते ती वेगळीच. तिला लांबूनच नमस्कार करावा.

लावायची कशी?

दुकानातून आणलेली रोपं नळाच्या साध्या पाण्यात दोन-तीनदा हलक्या हाताने धुवा. मग आठवडाभर एका वेगळ्या बादलीत ठेवा. गोगलगायीची अंडी किंवा अळ्या असतील तर त्या तिथेच कळतात. टँकमध्ये घालायचं नळाचं पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवून मगच वापरा, म्हणजे त्यातला क्लोरीन उडून जातो.

या झाडांना दोन गोष्टींचा राग आहे. एक म्हणजे पाण्याची जोराची धार. फिल्टरचं पाणी जिथे पडतं तिथे रोपं उलटीपालटी होतात आणि पानं भिजून कुजतात. एखादी प्लॅस्टिकची नळी गोल जोडून तिचं कडं पाण्यावर सोडलं की रोपं कड्याबाहेरच्या शांत भागात राहतात. दुसरा राग घट्ट झाकणाचा. झाकणाला जमलेली वाफ थेंब थेंब पानांवर पडत राहते. झाकण थोडं वर उचलून फट ठेवा.

आणि मुख्य म्हणजे, अर्धा टँक मोकळा ठेवायचाच. झाडं दिवसा प्राणवायू देतात हे आपण शाळेत शिकलो. पण रात्री तीही आपल्यासारखा प्राणवायू घेतात. त्यात पानांनी सगळा पृष्ठभाग झाकला तर हवेतला प्राणवायू पाण्यात विरघळायलाही जागा उरत नाही. पहाटे मासे तोंड वर काढून धापा टाकताना दिसले तर समजा, गर्दी झाली आहे.

लोणावळ्याचा पाऊस आणि टँक

आपल्याकडची हवा थोडी वेगळी. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर सूर्यदर्शनाची मारामार, खिडकीत धुकं, भिंतींना ओल. जुलैत पानं पिवळी, लहान पडायला लागली की बायकांना वाटतं रोग आला. तसं नसतं, उजेड कमी पडतो. पांढऱ्या उजेडाचा साधा एलईडी दिवा दिवसातून आठ तास लावला की पानं पुन्हा हिरवी होतात.

पावसात वीज जाणं तर नेहमीचंच. पंप बंद पडला की माशांना मिळणारा प्राणवायू कमी होतो. अशा वेळी थोडी रोपं बाहेर काढून पृष्ठभाग मोकळा करा आणि मगाने टँकमधलंच पाणी उचलून वरून परत ओता. तेवढ्यानेही खूप फरक पडतो. थंडीत वाढ आपोआप मंदावते, तेव्हा माशांना खाणंही कमीच घाला.

काही जणी गॅलरीत घंगाळात किंवा मातीच्या पसरट भांड्यात ही झाडं ठेवतात. दिसतात सुरेखच, पण मासे नसतील तर तिथे डासांच्या अळ्या झाल्याच म्हणून समजा. म्हणून गॅलरीतल्या भांड्यातही दोन-चार गप्पी हवेतच. आरोग्य खातं डासांच्या अळ्या खाण्यासाठी हेच मासे वापरतं.

दर रविवारची मूठ

आता त्या पथ्याकडे येऊ. ही झाडं वाढतात म्हणजे किती वाढतात? चांगला उजेड, उबदार पाणी आणि भरपूर खाणं मिळालं की साधारण एक-दोन आठवड्यांत दुप्पट. दर पंधरा दिवसांनी दुप्पट धरलं, तर दिवाळीत आणलेल्या एका रोपाची होळीपर्यंत साधारण पाचशे रोपं होतात! घरात तेवढी होत नाहीत, कारण दर रविवारी आपण मूठभर काढतो.

ती काढलेली मूठ कुठे जाते, हा खरा प्रश्न. बहुतेक घरांत ती मोरीत, बेसिनमध्ये, संडासात किंवा घरामागच्या ओढ्यात जाते. मुलांचा टँकचा नाद संपला किंवा बदलीची ऑर्डर आली की मग मासे, झाडं, सगळंच नदीत. त्यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. उलट ‘बिचाऱ्या जिवांना का मारायचं, नदीत सोडून देऊ’ असाच दयेचा विचार असतो.

पण आपण राहतो कुठे ते पाहा. इंद्रायणी उगम पावते ती लोणावळ्याजवळच्या कुरवंडे परिसरात. तिथून ती कामशेत, तळेगावजवळचं इंदोरी असं करत देहूला जाते, आळंदीला जाते, तुळापूरला भीमेला मिळते. भीमा पुढे उजनी धरणात आणि तिथून पंढरपूरला. पवनाही मावळातलीच. पवना धरणाचं पाणी पिंपरी-चिंचवडकर पितात आणि नदी दापोडीला मुळेला मिळते. म्हणजे आपण सगळ्यात वरच्या अंगाला आहोत. वरच्या घरातलं पाणी खालच्या अंगणात जाणारच. आपल्या ओढ्यात पडलेली मूठ आषाढीला निघालेल्या वारकऱ्यांच्याच वाटेने खाली जाते.

खाली काय चाललंय ते आपण दरवर्षी पाहतो. पावसाळा संपतो, पुराचा जोर ओसरतो, नदी संथ होते आणि जलपर्णी पसरायला लागते. उन्हाळ्यापर्यंत पवना आणि इंद्रायणीच्या पात्रात ठिकठिकाणी हिरवा गालिचा. पाण्याचा टिपूससुद्धा दिसत नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये दरवर्षी ती काढायला महापालिकेला माणसं आणि यंत्रं लावावी लागतात. संध्याकाळी दारं-खिडक्या लावून बसायची वेळ नदीकाठच्या घरांवर येते, ती डासांमुळे.

इथे एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. मान्सोनिया नावाचा डास आपल्या अळ्या तरंगत्या झाडांच्या मुळांपाशी वाढवतो. ही अळी श्वास घ्यायला पाण्यावर येतच नाही. ती मुळात नळी खुपसून तिथूनच हवा घेते. त्यामुळे पाण्यावर तेल टाकण्यासारखे नेहमीचे उपाय तिच्यापुढे चालत नाहीत. हत्तीरोगाचा एक प्रकार हाच डास पसरवतो आणि त्याची सगळ्यात आवडती जागा म्हणजे पिस्टिया. आपण हौसेने आणतो तीच!

टँकमध्ये पृष्ठभाग झाकला की मासे धापा टाकतात हे आपण वर पाहिलं. नदीत अगदी तेच होतं. फरक इतकाच की टँकमधली जास्तीची रोपं काढायला दर रविवारी आपला हात असतो. नदीत तो हात नसतो.

हौसेची किंमत

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. तिला जगभर नेलं ते तिच्या देखण्या फुलांनी. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स इथे १८८४ साली भरलेल्या प्रदर्शनात ती लोकांना भेट म्हणून वाटली गेली, असं सांगतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये आली, तीही बागांची शोभा म्हणून. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत तिने तिथल्या नद्या, बिलं, भातखाचरं अशी व्यापली की १९३६ मध्ये खास जलपर्णीविरुद्ध कायदा करावा लागला. १९३७ च्या निवडणुकीत तर बंगालच्या पक्षांनी जलपर्णी हटवण्याचं वचन जाहीरनाम्यात दिलं होतं. एका शोभेच्या झाडासाठी!

साल्व्हिनियाची गोष्टही तशीच. त्याची एक मोठी जात मूळची ब्राझीलची. श्रीलंकेत ती १९३९ मध्ये कोलंबोच्या वनस्पतिशास्त्र विभागात अभ्यासासाठी आणली गेली आणि तिथून बाहेर निसटली. केरळात तिला ‘आफ्रिकन पायल’ म्हणतात. तिथले कालवे आणि भातखाचरं तिने इतकी भरली की होड्या चालेनात. शेवटी १९८० च्या दशकात ब्राझीलमधलाच दोन-अडीच मिलिमीटरचा एक भुंगा सोडून तिला आवर घालावा लागला. युरोपीय संघाने तर २०१६ मध्ये जलपर्णीच्या विक्रीवर आणि ती पाळण्यावरही बंदी घातली.

माशांचंही तेच. काच साफ करतो म्हणून विकला जाणारा सकर मासा आज उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात येतो. त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही आणि काटेरी अंगामुळे जाळी मात्र फाटतात. तोही कधीतरी कुणाच्या तरी टँकमध्ये लाडाने वाढलेला असणार.

इथे प्रामाणिकपणे एक सांगायला हवं. इंद्रायणी-पवनेत आज जी जलपर्णी माजली आहे ती आपल्या टँकमुळे नाही. ती तिथे पूर्वीपासून आहे आणि तिला पोसतं ते नदीत सोडलेलं सांडपाणी. टँकमधल्या नायट्रेटवर जशी रोपं फोफावतात, तशीच ती सांडपाण्यावर फोफावते. सांडपाणी शुद्ध करून सोडणं ही नगरपालिका, महापालिका आणि कारखान्यांची जबाबदारी आहे आणि ती आपण मागत राहायला हवी. पण त्याच नदीत आणखी एक नवं झाड जाऊ न देणं तर आपल्याच हातात आहे ना? जलपर्णीचं बी चिखलात पंधरा-वीस वर्षंसुद्धा जिवंत राहतं. एकदा आलेली पाहुणी परत जात नाही.

मग जास्तीच्या झाडांचं काय करायचं?

अगदी सोपं आहे. त्यांचं सोनं करा! या झाडांनी माशांच्या घाणीतलं सगळं नत्र आपल्या अंगात साठवलेलं असतं. म्हणजे ते तयार खतच. उन्हाळ्यात वर्तमानपत्रावर पसरून गच्चीत कडकडीत वाळवा आणि कुस्करून कुंडीच्या मातीत मिसळा. गुलाब, कढीपत्ता, मोगरा, सगळ्यांना चालतं. पावसाळ्यात आपल्याकडे कपडे वाळत नाहीत तिथे झाडं काय वाळणार! तेव्हा ती पाणी निथळून कुंडीत चार बोटं मातीखाली पुरा, किंवा झाकणाच्या बादलीत सुका पालापाचोळा आणि मातीचे थर देत कुजवा.

टँकमधून काढलेलं पाणीही फेकू नका. ते जुन्या ओढणीच्या तुकड्यातून गाळा म्हणजे डकवीडच्या टिकल्या आणि बारीक तुकडे वर अडकतील. गाळलेलं पाणी कुंड्यांना घाला. माशांना औषध किंवा खडे मीठ घातलं असेल तर मात्र ते पाणी झाडांना घालायचं नाही आणि ती रोपं कोंबड्यांना किंवा जनावरांनाही खाऊ घालायची नाहीत. एरवी डकवीड आणि अझोला कोंबड्या आवडीने खातात.

टँक बंदच करायचा झाला तर दुकानदाराला विचारा, बरेच जण मासे परत घेतात. नाहीतर शेजारीपाजारी, नात्यात, शाळेत कुणाला हवा असेल तर द्या. देताना हे पथ्यही सांगून द्या.

फ्रीजवर चिकटवून ठेवा

• अर्धा टँक कायम मोकळा.
• पावसाळ्यात दिवा आठ तास.
• वीज गेली की रोपं कमी करा, मगाने पाणी ढवळा.
• दर रविवारी मूठभर रोपं काढा आणि कुंडीत जिरवा.
• मोरी, संडास, ओढा, तळं, धरण, नदी यांत झाडं किंवा मासे कधीही सोडू नका.
• नदीतलं किंवा तळ्यातलं रोप उचलून घरी आणू नका.

मुलांनी टँक मागितला तर अवश्य द्या. पण रविवारची ती मूठ काढायचं काम त्यांच्यावरच सोपवा. ‘हे नदीत का टाकायचं नाही’ हा प्रश्न ती विचारतीलच. त्यांना नकाशा काढून द्या आणि कुरवंड्यापासून पंढरपूरपर्यंत बोट फिरवायला लावा.